कार्डाचं काम कार्डाला, तारेचं काम तारेला

स्वातंत्र्यापूर्वी बराच काळ हिंदुस्थानातल्या पत्रांवर चिकटणारी टपाल तिकिटं लंडनहून येत. डी ला रू ही तिथली कंपनी ती छापायची. नाशिक रोडला १९२५ साली इंडिया सिक्युरिटी प्रेस स्थापन झाली आणि हे काम गोदावरीच्या काठच्या जिल्ह्यात आलं. शेजारी करन्सी नोट प्रेस उभी राहिली आणि १९२८ पासून तिथून नोटा निघू लागल्या. त्यामुळे बाहेरगावचे लोक नाशिक रोडला नोटांचं गाव म्हणून ओळखतात. पण देशाच्या बोलण्याचालण्यातही या गावाचा वाटा तेवढाच मोठा आहे. देशभरच्या घराघरांत पोचणारी तिकिटं, पोस्टकार्डं आणि आंतरदेशीय पत्रं इथल्या यंत्रांवर छापली गेली. बिटको, जेल रोड, उपनगर भागात आजही अशी कितीतरी घरं आहेत, जिथली एक तरी पिढी प्रेसमध्ये पाळी करून निवृत्त झाली.

आज त्याच घरांमध्ये सगळा संवाद मोबाइलवर चालतो. ऑफिसचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, नातेवाइकांचा ग्रुप, पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जाणाऱ्या पासधारकांचा ग्रुप. साधनं भरपूर आहेत, फुकट आहेत आणि वेगवान आहेत. तरीही निरोप चुकतात, महत्त्वाचं पत्र सापडत नाही, रात्री अकरा वाजता साहेबांचा मेसेज येतो आणि वाचूनही उत्तर दिलं नाही म्हणून नाती दुखावतात. असं का होतं, हे समजून घ्यायला टपालाची जुनी व्यवस्था फार उपयोगी पडते.

चार साधनं, चार स्वभाव

पोस्टकार्ड आपल्याकडे १ जुलै १८७९ रोजी सुरू झालं. किंमत पाव आणा. ते उघडं असायचं. पोस्टमनपासून शेजारच्या मुलापर्यंत कुणीही वाचू शकेल, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. म्हणून त्यावर खुशाली, पोचल्याची बातमी, लग्नाची तारीख एवढंच लिहिलं जाई. १९५० साली आंतरदेशीय पत्र आलं. ते घडी घालून चिकटवलेलं, म्हणजे घरातलं, मनातलं, पैशापाण्याचं लिहायला. ज्या कागदाची पुढे कधी कोर्टात किंवा कचेरीत गरज पडेल, तो रजिस्टर ए.डी.नं जायचा आणि सहीची पोचपावती परत यायची. आणि अगदीच वेळ आली की तार. तारेला शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे माणूस बोटावर शब्द मोजून मजकूर करायचा. तार आली म्हटलं की घरात धस्स व्हायचं, कारण ती उगाच कुणी करत नसे.

काही खुणा तर लोकांनी स्वतःच ठरवल्या होत्या. शुभकार्याच्या पत्राला कोपऱ्यांवर हळदकुंकू लागे. मृत्यूची बातमी असलेल्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, वर ‘श्री’ नसे आणि वाचून झालं की ते घरात ठेवत नसत. एक अक्षर वाचायच्या आधी, हातात घेतल्या घेतल्या पत्र आपला स्वभाव सांगायचं.

ती व्यवस्था बरीचशी सरली. तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. जुनी सेवा परत यावी, असं माझं म्हणणं नाही. मुद्दा एवढाच, की त्या काळी निरोप किती तातडीचा, किती खाजगी आणि किती दिवस जपून ठेवायचा, याची वर्गवारी कागद आणि दरपत्रकच करून देत होतं. आज वडिलांना दवाखान्यात नेल्याची बातमी, दुधाचा हिशोब, ऑफिसचं टेंडर आणि सुप्रभातचं चित्र हे सगळं एकाच पडद्यावर, एकाच आवाजात येतं. कागद आपल्यासाठी करत होता ती वर्गवारी आता आपल्यालाच करावी लागते. पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी मनाशी ठरवल्या तर ती सहज जमते: उत्तर कधी हवं, कोणाकोणाच्या नजरेला पडलं तर चालेल आणि नोंद राहायला हवी का.

उत्तर कधी हवं?

तासाभरात उत्तर हवं असेल तर फोन करावा. मेसेज टाकून वाट बघत बसणं आणि नंतर रागावणं, यात दोघांचंही नुकसान आहे. उद्यापर्यंत चालणार असेल तर मेसेज. दोनचार दिवस चालणार असेल, किंवा विचार करून उत्तर द्यायचं असेल, तर ईमेल. व्हॉट्सॲपवरच्या दोन निळ्या खुणांचा अर्थही नीट लक्षात घ्यावा. एक करडी खूण म्हणजे निरोप आपल्याकडून निघाला. दोन करड्या म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोचला. दोन निळ्या म्हणजे उघडला गेला. उघडणारा माणूस त्या क्षणी गाडी चालवताना मधेच थांबलेला असेल, रांगेत असेल, आजाऱ्याजवळ बसलेला असेल. ‘वाचलं’ याचा अर्थ ‘उत्तर द्यायला मोकळा आहे’ असा होत नाही.

नाशिक रोडसारख्या गावात तर हे जास्तच जाणवतं. प्रेस, एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र, रेल्वे, आर्टिलरी सेंटर, मध्यवर्ती कारागृह, रुग्णालयं, अंबड आणि सिन्नरचे कारखाने. इथे घरोघरी पाळ्या आहेत. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी दहा वाजता गाढ झोपेत असतो. सोसायटीच्या ग्रुपवर ‘कोणीच उत्तर देत नाही’ म्हणून त्याच्यावर राग काढणं हा अन्याय आहे. अशा घरांत फोनमधली ‘डू नॉट डिस्टर्ब’ची सोय वापरावी. ती लावूनही ठरावीक नंबरांचे कॉल वाजू देता येतात. आईवडील, शाळा आणि ड्यूटीवरचा वरिष्ठ एवढे नंबर त्यात ठेवले तर झोपही होते आणि तातडीचा निरोपही चुकत नाही.

कामाच्या वेळेनंतर येणारे मेसेज हा जगभर कायद्याचा विषय झाला आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नासहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, कामाच्या तासांबाहेर कर्मचाऱ्यानं मेल-फोनपासून दूर राहण्याच्या हक्काबाबत कामगारांशी बोलणी करणं बंधनकारक झालं. ऑस्ट्रेलियात असा हक्क ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झाला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये याच हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर वरिष्ठांनी एक साधी गोष्ट करावी. रात्री सुचलेलं रात्री लिहून ठेवावं, पण जीमेलमधली ‘शेड्यूल सेंड’ची सोय वापरून ते सकाळी नऊला पोचेल असं लावावं. ‘उद्या बघितलं तरी चालेल’ असं लिहून रात्रीच पाठवलेल्या निरोपापेक्षा हे बरं, कारण साहेबांचं नाव पडद्यावर दिसलं की हाताखालचा माणूस उघडून बघतोच.

कोणाच्या नजरेला पडलं तर चालेल?

व्हॉट्सॲपवरचे निरोप एप्रिल २०१६ पासून ‘एंड टू एंड एन्क्रिप्टेड’ आहेत. म्हणजे आपल्या फोनमधून निघताना मजकूर गणिती पद्धतीनं कुलूपबंद होतो आणि त्याची किल्ली फक्त समोरच्याच्या फोनमध्ये असते. मधल्या वाटेवर, कंपनीच्या सर्व्हरवरही, तो वाचता येत नाही. ही सुरक्षितता खरी आहे. पण ती वाटेपुरती आहे. पोचल्यावर समोरचा माणूस स्क्रीनशॉट काढू शकतो, पुढे पाठवू शकतो, त्याचा फोन दुसऱ्याच्या हातात असू शकतो. दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकलेला निरोप तर उघडंच पोस्टकार्ड आहे. त्यावर कुणाच्या आजाराचे रिपोर्ट, मुलीचे फोटो, आधार कार्ड, कुणाची थकबाकी टाकू नये. ईमेलमध्येही हीच काळजी घ्यावी. ‘टू’मध्ये ज्यानं कृती करायची तो, ‘सीसी’मध्ये ज्याला नुसती माहिती हवी तो. अनेक अनोळखी लोकांना एकच मेल पाठवायचा तर पत्ते ‘बीसीसी’मध्ये टाकावेत, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही.

ग्रुपवरची नजर किती लांब जाते आणि काय करू शकते, हे उत्तर महाराष्ट्रानं फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा हे गाव, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होते. मंगळवेढ्याकडून आलेले, भिक्षेवर पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण लोकांच्या संशयाला बळी पडले. जमावानं त्या पाचही निरपराध माणसांना ठार मारलं. त्याच दिवशी नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावातही अशाच अफवेनं चवताळलेल्या जमावानं एका कुटुंबाला घेरलं होतं. तिथे स्थानिक माणूस मधे पडला, पोलीस आले आणि जीव वाचले.

त्या वर्षी देशात अशा घटना लागोपाठ घडल्या. त्यानंतर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपनं पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, पाच किंवा त्याहून अधिक हातांतून आलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. अशा निरोपावर दुहेरी बाण दिसतो. दुहेरी बाण दिसला की तो निरोप लिहिणारा आपल्या ओळखीचा नाही, हे पक्कं समजावं. मूल हरवलं, रक्त हवं, अमुक पदार्थात विष आहे असे निरोप पुढे पाठवण्यापूर्वी त्यातल्या नंबरवर फोन करावा, तारीख बघावी, पोलिसांचं किंवा सरकारी खात्याचं अधिकृत पान बघावं. एवढं करायला वेळ नसेल तर पुढे पाठवू नये.

ग्रुपचा ॲडमिन किती जबाबदार, हाही प्रश्न नेहमी विचारला जातो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये यावर निकाल दिला. सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असल्याखेरीज, ॲडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. पण कायद्यानं सुटका झाली तरी माणुसकीनं होत नाही. आता ॲडमिनला कुठल्याही सदस्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकता येतो. तो अधिकार वेळेवर वापरणं हे त्याचं काम आहे.

नोंद राहायला हवी का?

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, दोन दिवसांहून थोड्या अधिक काळापर्यंत सगळ्यांसाठी पुसता येतो आणि हवं तर आपोआप नाहीसा होईल असंही लावता येतं. बोलण्यासाठी ही सोय चांगली आहे, नोंदीसाठी ती धोक्याची आहे. कामाची मंजुरी, दर, रजा, मालाची ऑर्डर, घरभाड्याच्या अटी यांचं बोलणं कुठेही होऊ दे, ठरल्यावर त्याच दिवशी चार ओळींचा ईमेल गेलाच पाहिजे: ‘आज फोनवर ठरल्याप्रमाणे...’ असं म्हणून. ही सवय लागली की पुढचे निम्मे वाद उभेच राहत नाहीत.

मेसेजला कायद्यात किंमतच नाही, असंही समजू नये. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका प्रकरणात व्हॉट्सॲपवर पीडीएफच्या रूपात पाठवलेली नोटीस बजावली गेल्याचं मान्य केलं. निरोप पोचला आणि सोबतची फाइल उघडली गेली, हे खुणांवरून दिसत होतं, हा त्यातला आधार होता. पूर्वी पोचपावतीवरची सही जे सांगायची, ते इथे त्या खुणांनी सांगितलं.

मराठीत कामकाज करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. अनेक कचेऱ्यांत आणि छापखान्यांत अजून श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये मजकूर टाइप होतो. तो फाँट समोरच्या संगणकावर नसेल तर सगळा मजकूर अगम्य चिन्हांत दिसतो. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर तो कुठल्याही फोनवर, कुठल्याही संगणकावर तसाच दिसतो आणि वर्षभरानं शोधला तरी सापडतो. जुन्या फाँटची फाइल पाठवायचीच असेल तर पीडीएफ करून पाठवावी. फाइलला नावही ओळखू येईल असं द्यावं. ‘नवीन फायनल २’ यातून कुणालाच काही कळत नाही. ‘पाणीपट्टी अर्ज, मार्च २०२५’ यातून कळतं.

पत्रास कारण की

आपल्या पत्रलेखनात नमस्कारानंतर ताबडतोब ‘पत्रास कारण की’ यायचं. मेसेजमध्ये आपण ते सोडून दिलं. ‘सर, आहात का?’ असं लिहून लोक थांबतात. समोरचा तासाभरानं ‘हो, बोला’ म्हणतो, तोवर विचारणारा कामाला लागलेला असतो. अर्धा दिवस यातच जातो. नमस्कार, कारण आणि काय हवं ते, हे एकाच निरोपात लिहावं.

सोसायटीच्या ग्रुपवर नेहमी दिसणारा हा निरोप घ्या: ‘उद्या टाकी साफ करणार आहेत सगळ्यांनी नोंद घ्यावी.’ त्याखाली वीस प्रश्न येतात. कुठली टाकी, किती वाजता, पिण्याचं पाणीही बंद का? उलट असं लिहिलं तर: ‘शनिवार, १४ तारीख. सकाळी ९ ते दुपारी २ वरची टाकी साफ होईल. या वेळात बी विंगला नळाला पाणी नसेल. ए विंगला फरक नाही. पाणी शुक्रवारी रात्री भरून ठेवावं. अडचण असल्यास सचिवांना फोन करावा, ग्रुपवर नको.’ सहा ओळी आहेत, पण विचारायला काही उरत नाही. ‘उद्या’ हा शब्द ग्रुपवर टाळावा. तो निरोप कोण कधी वाचेल हे आपल्याला माहीत नसतं. वार आणि तारीख लिहावी.

बोलून पाठवलेल्या निरोपांचंही तसंच. ज्येष्ठांना, ज्यांची नजर मंद झाली आहे त्यांना, शेतात काम करणाऱ्यांना व्हॉइस मेसेज फार सोयीचा. पण पत्ता, रक्कम, खाते क्रमांक, वेळ हे आवाजात सांगून भागत नाही. ते लिहूनच द्यावं. फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोललं तर मजकूर आपोआप देवनागरीत टाइप होतो. एकदा वाचून दुरुस्त केला की काम झालं.

घरच्यांशी बोलताना

इथल्या कितीतरी घरांतली मुलं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला आहेत. व्हिडिओ कॉलनं आजीआजोबांना नातवंडं डोळ्यांनी दिसतात, हे या साधनांचं सगळ्यात मोठं देणं आहे. ते नीट टिकवायचं तर वेळ ठरलेली हवी. नाशिक रोडला रात्रीचे आठ वाजलेले असतात तेव्हा उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात सकाळचे साडेसात असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, मग तिथे साडेसहाच वाजलेले असतात. हे आईवडिलांना आधी सांगितलं तर ‘पोरगं फोन उचलत नाही’ ही काळजी वाचते. आणि एक जपायला हवं: दुःखाची बातमी ग्रुपवर टाकण्याआधी जवळच्यांना फोननंच कळवावी. सख्ख्या भावानं बहिणीच्या जाण्याची बातमी ग्रुपवर वाचावी, यासारखा घाव नाही.

ज्येष्ठांना फोन शिकवताना फसवणुकीबद्दलही सांगितलंच पाहिजे. लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचं चलन म्हणून आलेली एपीके फाइल उघडू नये, ती फोनचा ताबा घेऊ शकते. ओटीपी कुणालाही सांगू नये. व्हॉट्सॲपची सहा आकडी पिनची ‘टू-स्टेप’ सोय लावून घ्यावी. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कुठलीही अटक भारतीय कायद्यात नाही, व्हिडिओ कॉलवर पोलीस कुणाला अटक करत नाहीत. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवून ठेवता येण्याची शक्यता जास्त.

एकदा बसून ठरवा

हे सगळं एकट्यानं पाळून भागत नाही, कारण संवादाला दोन टोकं असतात. म्हणून ऑफिसात आणि घरात एकदा समोरासमोर बसून चार गोष्टी ठरवाव्यात. तातडीचं असेल तर फोनच, तोही लागोपाठ दोनदा आला की समोरच्यानं हातचं काम सोडून उचलायचा. ग्रुपवर फक्त सगळ्यांच्या कामाचं. एकाशी बोलायचं ते एकालाच. पैशाचं, मंजुरीचं आणि शब्द दिल्याचं त्याच दिवशी ईमेलवर. आणि रात्री अमुक वाजल्यानंतर, कुणाच्या जिवाशी गाठ नसेल तर, निरोप सकाळी. कुणाची पाळी केव्हा असते तेही त्याच वेळी सांगून टाकावं.

सुरुवात घरापासून करा. घरचा ग्रुप सगळ्यात लहान असतो, तिथली माणसं सांभाळून घेतात आणि तिथे लागलेली सवय दुसऱ्या दिवशी आपोआप ऑफिसात येते.